अध्यक्ष गेले, सचिव निघाले; आता सह्या कोणाच्या?

पत्र थोडक्यात: तालुक्याच्या गावातलं जुनं सार्वजनिक वाचनालय. पगारी माणसं दोनच, ग्रंथपाल आणि शिपाई. बाकी सगळा कारभार बिनपगारी कार्यकारी मंडळ पाहतं. मंडळ अकरा जणांचं, मुदत तीन वर्षांची, ती पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये संपते. ९ मार्चला अध्यक्षांचं निधन झालं. २ एप्रिलला सचिवांनी ‘मुलाकडे बंगळुरूला कायमचा जातोय, मला मोकळं करा’ असा मेसेज मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दोन सदस्य वर्षभर सभेला फिरकलेले नाहीत. बँकेत अध्यक्ष आणि सचिव अशा दोन सह्या लागतात, त्यामुळे ग्रंथपालांचा मार्चचा पगार थकला आहे. उपाध्यक्ष म्हणतात, आता आपोआप मीच अध्यक्ष. काहींना दिवंगत अध्यक्षांच्या मुलाला वडिलांच्या जागी घ्यायचं आहे. काही म्हणतात, सर्वसाधारण सभेशिवाय काहीच करता येणार नाही. सचिवपदासाठी एका उत्साही तरुणाचं नाव पुढे आलं आहे. त्याने तीन महिन्यांपूर्वी वाचनालयात नाव घातलं. संस्थेच्या घटनेत (नियमावलीत) याबद्दल एकच वाक्य आहे: ‘कार्यकारी मंडळात मुदतीत रिक्त होणारी जागा मंडळ उर्वरित मुदतीसाठी भरील.’ पत्रलेखिका सहसचिव आहेत. त्या विचारतात, ‘निष्क्रिय दोघांना काढून चारही जागा एकदम भरल्या तर? सगळ्यांची तशी संमती आहे, कागदपत्रं मागाहून केली तर चालतील ना?’

नमस्कार,

सगळ्यांची संमती आहे असं तुम्ही म्हणता, पण त्याच पत्रात तीन गटांची तीन मतं सांगता. संमती आहे ती ‘काहीतरी करा’ याला. आज कोणी हरकत घेणार नाही, हे मान्य. पण पुढच्या ऑगस्टमध्ये निवडणूक लागली आणि एखादा नाराज झाला, की तो धर्मादाय कार्यालयात जाऊन पहिली गोष्ट मागेल ती या सभेची नोटीस. त्यामुळे कागद मागाहून करायचा विचार सोडा. या कामात कागद हेच काम आहे.

आता दुसरं गृहीतक. तुम्ही चार जागा रिकाम्या धरल्या आहेत. आज रिकामी जागा एकच आहे, दिवंगत अध्यक्षांची. मृत्यूने जागा त्याच दिवशी रिकामी होते, तिथे ठरावाची गरज नसते. फक्त नोंद घ्यायची. सचिवांची जागा अजून रिकामी झालेली नाही आणि त्या दोघांची तर नाहीच.

सचिवांचं पाहू. ग्रुपवरचा मेसेज म्हणजे इच्छा कळवणं झालं. राजीनामा कोणाकडे द्यायचा आणि तो केव्हापासून लागू होतो, हे घटनेत असेल तर तसं. नसेल, तर मंडळाने सभेत स्वीकारला की लागू, असं धरून चालणं सुरक्षित. त्यांच्याकडून सहीचं पत्र मागवा, उपाध्यक्षांच्या नावे. ते निघून गेले असतील तर बंगळुरूहून कुरियरने येऊ द्या, तोवर सही केलेल्या पत्राची स्कॅन प्रत त्यांच्या स्वतःच्या ईमेलवरून घ्या. आणि त्या पत्रात एक गोष्ट स्पष्ट हवी: ते फक्त सचिवपद सोडताहेत की मंडळाचं सदस्यत्वही? ‘मला मोकळं करा’ यातून दोन्ही अर्थ निघतात. नुसतं पद सोडलं, तर सचिव नेमायचा पण मंडळातली जागा भरायची नाही. सदस्यत्वही सोडलं, तर जागाही भरायची. तुमची पुढची सगळी आकडेमोड या एका वाक्यावर अवलंबून आहे.

एक सोय मात्र आहे. राजीनामा स्वीकारला जाईपर्यंत ते सचिव आहेत. तेव्हा ज्या सभेत त्यांचा राजीनामा स्वीकारायचा, त्या सभेची नोटीस त्यांनाच काढू द्या. सचिव नसताना नोटीस कोणी काढायची, सहसचिवांना तो अधिकार आहे का, हा वादच उरत नाही. ते अगदीच तयार नसतील तर उपाध्यक्षांच्या लेखी सूचनेवरून तुमच्या सहीने नोटीस काढा आणि ती लेखी सूचना फाइलला लावा.

वर्षभर न आलेल्या दोघांना आत्ता हात लावू नका. बहुतेक घटनांमध्ये ‘सलग तीन सभांना विनापरवानगी गैरहजर राहिल्यास सदस्यत्व आपोआप रद्द’ असं काहीतरी असतं आणि मंडळं त्या ‘आपोआप’वर विसंबतात. पण त्या प्रत्येक सभेची नोटीस त्यांना पोचली होती, याचा पुरावा तुम्हालाच द्यावा लागेल. खुलासा मागवणारं पत्र, उत्तराला मुदत आणि मग ठराव, एवढं केल्याशिवाय काढलेला माणूस हरकत घेतो आणि ती टिकते.

याहून मोठं कारण गणपूर्तीचं, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीचं आहे. अकरांच्या मंडळाला निम्म्याहून अधिक म्हणजे सहाची गणपूर्ती लागते असं धरू. अध्यक्ष गेले, सचिव बंगळुरूला चाललेले, दोघे येत नाहीत. प्रत्यक्ष येणारे सातच. म्हणजे एकच माणूस गळण्याची सवड. ‘एकूण संख्या’ म्हणजे घटनेतली मंजूर संख्या की आज हयात असलेली, याबद्दल घटना गप्प असेल तर मंजूर संख्याच धरा, म्हणजे बोट ठेवायला जागा राहत नाही. त्या दोघांना आधी काढलं तरी गणपूर्ती सहाचीच राहणार. शिवाय काढायच्या सभेत वाद झाला आणि दोघेजण उठून गेले, तर जागा भरण्याचा ठरावही गेला. म्हणून आधी जागा भरा, गैरहजरांचा विषय पुढच्या सभेत. गणपूर्तीअभावी अर्ध्या तासाने तहकूब सभा घ्यायची सोय बहुतेक ठिकाणी फक्त सर्वसाधारण सभेला असते, मंडळाच्या सभेला नसते. तेही वाचून घ्या.

आता, भरायचा अधिकार कोणाचा? सर्वसाधारण सभेचा आग्रह धरणारे पूर्ण चूक नाहीत, पण तुमच्या घटनेपुरतं त्यांचं म्हणणं लागू होत नाही, असं दिसतं. तुमच्याकडे सभासद अकरा जण निवडून देतात आणि ते अकरा आपल्यातून पदाधिकारी निवडतात, हे धरून सांगतो आहे. निवडणुकीचं कलम काढून खात्री करा. तसं असेल तर मंडळातली जागा ‘रिक्त जागे’च्या वाक्याने मंडळ भरू शकतं आणि अध्यक्ष, सचिव निवडण्याचा अधिकार तर पहिल्यापासून मंडळाचाच आहे. काही वाचनालयांत अध्यक्ष थेट सर्वसाधारण सभेतून निवडून येतात. तिथे ‘मंडळातील जागा’ या शब्दांत अध्यक्षपद बसतं का, हा खरा प्रश्न असतो. अशा संस्थांनी मंडळात तात्पुरती व्यवस्था करून विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी. आणि ज्यांच्या घटनेत रिक्त जागेबद्दल काहीच नाही, त्यांनी ज्याने निवडलं त्याच्याकडेच परत जावं.

उपाध्यक्षांना दुखवू नका, पण त्यांचं ‘आपोआप’ही खरं नाही. ‘अध्यक्षांच्या अनुपस्थितीत उपाध्यक्ष काम पाहतील’ हे वाक्य सभेच्या अध्यक्षस्थानापुरतं आणि दैनंदिन कामापुरतं असतं. ते आज प्रभारी आहेत. त्यांना अध्यक्ष व्हायचं असेल तर मंडळाने निवडावं, आणि तसं झालं तर उपाध्यक्षपद रिकामं होईल. तुम्ही सचिव झालात तर सहसचिवपद रिकामं होईल. ही साखळी नोटिशीत आधीच धरावी लागते. नाहीतर सभेत सगळं सुरळीत होतं आणि शेवटी उपाध्यक्षाची निवड ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ या रकान्यात जाते. निवड ऐनवेळच्या विषयात कधीही घेऊ नये. गैरहजर सदस्याला आपण कशाला मुकलो हे आधी कळलेलंच नसतं आणि हरकतीला तेवढं पुरतं.

नोटिशीतले विषय साधारण असे लिहा: ‘(१) अध्यक्षांच्या दि. ९ मार्च रोजी झालेल्या निधनाची व त्यामुळे रिक्त झालेल्या जागेची नोंद घेणे. (२) सचिवांच्या दि. … च्या राजीनामापत्रावर निर्णय घेणे. (३) उर्वरित मुदतीसाठी अध्यक्ष व सचिव यांची निवड करणे. (४) विषय ३ मुळे रिक्त होणाऱ्या पदांवर निवड करणे. (५) कार्यकारी मंडळातील रिक्त जागा घटनेच्या कलम … नुसार उर्वरित मुदतीसाठी भरणे. (६) बँक खात्यावरील सह्यांचे अधिकार बदलणे. (७) बदल अर्ज दाखल करण्यासाठी सदस्याला अधिकार देणे.’

पदं आधी आणि जागा नंतर, हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. पदं सध्याच्या सदस्यांतूनच भरायची असतील तर निवडून आलेल्यांनीच ती निवड करावी. नवे सदस्य आधी घेतले आणि त्यांच्या मतांवर अध्यक्ष ठरला, तर ‘मतं आणून बसवली’ असं कोणीतरी म्हणणारच. नव्या माणसालाच सचिव करायचं ठरलं, तर मात्र जागा आधी भरावी लागेल आणि नोटिशीत तसा क्रम हवा. ‘उर्वरित मुदतीसाठी’ हे शब्द ठरावात विसरू नका. आत्ता येणाऱ्याची मुदतही पुढच्या ऑगस्टलाच संपते, त्याला नवी तीन वर्षं मिळत नाहीत.

नोटीस घटनेत असेल तितके पूर्ण दिवस आधी, घटनेत असेल त्याच मार्गाने. सात दिवस लिहिले असतील तर नोटिशीचा आणि सभेचा दिवस सोडून सात मोजा. हातोहात देऊन नोटीसवहीत सही घ्या, न येणाऱ्या दोघांना आणि सचिवांना नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवून पावत्या ठेवा (जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं). व्हॉट्सॲपवरही टाका, पण ते वरचं.

आता माणसं. त्या तरुणाबद्दल पहिला प्रश्न: तो संस्थेचा सभासद आहे की वाचनालयाचा वर्गणीदार? जुन्या वाचनालयांत हा घोळ हमखास असतो. महिन्याची वर्गणी आणि अनामत भरून पुस्तकं नेणारा वाचक आणि प्रवेश फी भरून मंडळाने ठरावाने दाखल करून घेतलेला आजीव किंवा साधारण सभासद, यांत फरक आहे. दोघांनाही आपण ‘मेंबर’च म्हणतो. सभासद नोंदवहीत त्याचं नाव नसेल तर तो मंडळात येऊ शकत नाही. असेल, तर उमेदवारीसाठी किमान एक किंवा दोन वर्षं सभासदत्व लागतं का, ते पाहा. शिवाय १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याचं कलम १५ आहे: ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे, त्याला मत नाही आणि सभासद म्हणून त्याची गणतीही होत नाही. हे नव्यांइतकंच जुन्यांनाही लागू आहे. सभेआधी कोषाध्यक्षांकडून सातही जणांच्या वर्गणीच्या पावत्या तपासून घ्या.

तो आत्ता बसत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. त्याला मंडळाबाहेर राहून अनुदानाच्या आणि संगणकाच्या कामात घ्या, पुढच्या निवडणुकीपर्यंत पात्र होईल. घटनेत ‘स्वीकृत सदस्य’ घ्यायची सोय असेल तर ती रिक्त जागा भरण्यापेक्षा वेगळी असते आणि बहुधा बिनमताची. दोन्हींची सरमिसळ नको.

दिवंगत अध्यक्षांच्या मुलाबाबत भावना समजते. पण मंडळातली जागा वारसाने येत नाही. ते सभासद असतील, पात्र असतील आणि त्यांना स्वतःला काम करायचं असेल तर जरूर घ्या, इतरांसारखं सूचक-अनुमोदकासह. श्रद्धांजली म्हणून घ्यायचं असेल तर त्यासाठी वाचनकक्षाला नाव देता येतं.

सभेच्या दिवशी चुका होतात त्या लहानसहान आणि जिव्हारी लागणाऱ्या. नव्या सदस्यांनी सुरुवातीलाच हजेरीवर सही करणं, म्हणजे निवड होण्याआधीच ते ‘सदस्य’ म्हणून हजर! नव्या सचिवाने, स्वतःची निवड होण्याआधीच्या तारखेच्या नोटिशीवर मागाहून सही करणं. इतिवृत्तात सूचक आणि अनुमोदक एकच माणूस. ‘सर्वानुमते’ लिहिलंय आणि एकाने विरोध केल्याचं सगळं गाव सांगतंय. नव्यांची हजेरी निवडीच्या ठरावानंतर, वेळ घालून, वेगळी घ्या. इतिवृत्त त्याच आठवड्यात लिहून काढा. उपाध्यक्ष स्वतः उमेदवार असतील तर तेवढ्या विषयापुरतं अध्यक्षस्थान दुसऱ्या कोणाला द्या.

मग चेंज रिपोर्ट, म्हणजेच नोटिशीतला ‘बदल अर्ज’. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार बदल घडल्यापासून ९० दिवसांत तो सहायक किंवा उप धर्मादाय आयुक्तांना कळवायचा असतो. इथे बहुतेकांची तारीख चुकते, कारण ते नव्या निवडीपासून मोजतात. अध्यक्षांचं निधन हाही बदलच आहे. ९ मार्चपासून ९० दिवस ७ जूनला भरतात. राजीनामा आणि नव्या निवडी यांचे दिवस सभेच्या तारखेपासून. प्रत्येक बदल त्याच्या तारखेसकट वेगळा मांडा. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज कारणासह जोडता येतो, पण त्यावर विसंबू नका.

सोबत लागेल ते असं: विहित नमुन्यातला अर्ज, घटनेची प्रत, नोटीस आणि ती पोचल्याचे पुरावे, हजेरी, ठरावाची प्रमाणित प्रत, मृत्यू प्रमाणपत्र, राजीनामापत्र, येणाऱ्यांची संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्र. जाणाऱ्या सचिवांकडून ‘हरकत नाही’ असं लिहून घ्या. नंतर बंगळुरूला नोटीस पाठवत बसण्यापेक्षा बरं. पण त्याही आधी पीटीआरचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या सार्वजनिक विश्वस्त नोंदवहीचा, ताजा उतारा काढा. पुष्कळ संस्थांच्या उताऱ्यावर मागच्या दोन-तीन निवडणुकांपूर्वीचीच नावं असतात, कारण मधले चेंज रिपोर्ट दाखलच झालेले नसतात किंवा पडून असतात. तसं असेल तर आधी ते मार्गी लावावे लागतील, नाहीतर ‘तुम्ही कोण?’ इथूनच सुरुवात होते. इथे या कामाची सवय असलेला वकील घ्या. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांनाही नव्या पदाधिकाऱ्यांची नावं ठरावासह कळवा, अनुदानाचे कागद त्यांच्याकडे जातात.

मंजुरी येईपर्यंत नव्यांनी हात बांधून बसायचं नसतं. बदल निवडीच्या दिवशी घडतो, चेंज रिपोर्ट ही त्याची नोंद. बँकेला मात्र हे पटवावं लागतं: ठराव, नव्यांची केवायसी आणि चेंज रिपोर्ट दाखल केल्याची शिक्क्याची पोच घेऊन शाखा व्यवस्थापकांना भेटा. ठराव करतानाच ‘अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या’ असं करून टाका. दोनच ठरावीक माणसं ठेवल्यामुळेच तर पगार अडकला. सचिवांनी सही करून ठेवलेले कोरे धनादेश कोणाच्या कपाटात असतील तर ते रद्द करून नोंद करा. ग्रंथपालांसाठी कोणी पदरचे पैसे देणार असेल तर ते बँकेमार्फत द्यावेत आणि ठरावात लिहावेत. २०,००० रुपये किंवा अधिक उसनवार रोखीने घेणं प्राप्तिकर कायद्यात बसत नाही.

हे सगळं महाराष्ट्रात नोंदलेल्या संस्थांचं. गोव्यात सोसायटी कायदा तोच, पण आपला विश्वस्त कायदा तिथे नाही, त्यामुळे मामला निबंधकांपुरता. आणि हे वाचून कोणी आपल्या गृहनिर्माण संस्थेत लावायला जाऊ नये. तिथे सहकार कायदा चालतो आणि समितीची निम्म्याहून कमी मुदत उरली असेल, तरच समितीला त्याच वर्गातल्या सभासदाला नेमून जागा भरता येते.

घटना दुरुस्त करायचं तुमच्या मनात येईल. आत्ता नको, पूर्ण मंडळ बसल्यावर पुढच्या वार्षिक सभेत. तेव्हा रिक्त जागा किती दिवसांत भरायची, राजीनामा कोणाकडे आणि केव्हापासून लागू, गणपूर्ती कोणत्या संख्येवर मोजायची, आणि मंडळ गणपूर्तीखाली गेलं तर उरलेल्यांना फक्त सर्वसाधारण सभा बोलावण्याचा अधिकार, एवढ्या चार गोष्टी घाला. आज ज्यांचं मंडळ गणपूर्तीखाली गेलेलंच आहे, त्यांनी ठराव करत बसू नये. घटनेत लिहिलेल्या संख्येइतक्या सभासदांच्या सह्यांनी विशेष सभेची मागणी करावी. तीही होत नसेल तर विश्वस्त कायद्याच्या कलम ४१-अ खाली धर्मादाय आयुक्तांकडे निर्देश मागता येतात. तो शेवटचा रस्ता, आणि लांबचा.

एक राहिलं. सचिवपदाबद्दल तुम्ही सगळ्यांची नावं लिहिलीत, स्वतःचं नाही. गेले काही महिने नोटिसा, टपाल आणि अनुदानाचे कागद कोण पाहतंय? तुम्हीच असाल तर काम चालूच आहे, फक्त सहीचा अधिकार नाही. नको असेल तर तसं स्पष्ट सांगा. पण सभेत ‘कोण घेतंय?’ असं विचारू नका, सगळे खाली बघतात. सभेआधी एकेकाला घरी गाठून, सचिवाच्या कामांची यादी अर्ध्या पानावर लिहून दाखवा आणि ती दोघांत वाटता येते हेही सांगा. पंधरा-सोळा महिन्यांचाच प्रश्न आहे म्हटल्यावर माणसं तयार होतात.

सचिव बंगळुरूला निघण्याआधी समोर बसून ताबा घ्या: इतिवृत्तवह्या, सभासद नोंदवही, आवक-जावक, शिक्का, मूळ नोंदणी प्रमाणपत्रं, कपाटाच्या किल्ल्या. संस्थेचा ईमेल, प्राप्तिकराचं आणि धर्मादाय आयुक्तांचं पोर्टल यांचे पासवर्ड. आणि या प्रत्येकाचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो ते विचारा. बहुधा त्यांच्याच येत असेल, तो क्रमांक ते समोर असतानाच बदलून घ्या.